घर उपाशीपोटी बघावं

डॉक्टरांनी फोनवर वेळ दिली आणि त्याच दमात अट घातली. "शनिवारी सकाळी दहाला या. काही खाऊन येऊ नका. पाणी चालेल. काळा चहा चालेल, दूध घातलेला नको."

भाड्याचं घर बघायला जाताना अशी अट मी कधी ऐकली नव्हती. पण मी सूचना पाळणारी बाई आहे. लिहून घेतलं आणि फ्रिजवर लावलं. मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते वाचून आपल्या सोयीचा अर्थ काढला. "अगं, जेवायला बोलावतायत. बाई कोकणातल्या आहेत. घावन असणार." आमच्या सईला सकाळचं दूध-सीरियल मिळालं नाही म्हणून ती गाडीत कुणाशीही बोलली नाही.

पोचलो तर स्वयंपाकघरात ओटा लख्ख पुसलेला. घावनांचं नावनिशाण नाही. पांढरे आखूड केस, पुरुषी स्वेटर, पायात लोकरी मोजे अशा उंच डॉक्टर आम्हाला भाड्याने द्यायच्या वरच्या मजल्यावर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "बघा. नळ सोडा, दारं उघडा, कपाटात डोकं घाला. मी इथे बसते." आम्ही बघितलं. मग त्यांनी आम्हाला समोर बसवलं.

"सांगा आता, काय काय वाईट दिसलं?"

मिलिंद म्हणाला, "छान आहे की हो सगळं."

"तुम्हाला विचारलं नाही. हिच्या हातात कागद आहे. हिला विचारते."

मी वाचून दाखवलं. झोपायच्या खोलीचं छत इतकं खाली की मिलिंदचं डोकं आपटणार. बाथरूमचं दार लागत नाही. जमीन खिडकीकडे उतरती आहे. गाडी लावायला जागा नाही.

"खिडकीखालच्या भिंतीला हात लावला नाहीस. ओल आहे तिथे." त्या उठल्या. "पण बरं बघितलंस. खाऊन आली असतीस तर यातलं निम्मं दिसलं नसतं. भरल्या पोटी माणसाला कुठलंही घर आवडतं."

मग खाली आल्या, बिडाचा तवा चढवला आणि आमच्यापुढे खरोखरच घावन ठेवले. "आता खा. आता तुम्ही इथले."

हा त्यांचा नियम होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. घर पारखून होईपर्यंत तोंडात घास घालायचा नाही, आणि पसंत पडलं की त्याच घरात जेवायचं. आयुष्यभर त्या भूलतज्ज्ञ होत्या. शस्त्रक्रियेआधी पेशंट उपाशी आहे ना, हे विचारण्यात त्यांची उमर गेली. निवृत्त झाल्यावर पेशंट संपले, पण प्रश्न शिल्लक राहिला, तो त्यांनी घरांना लावला.

गाव मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचं, जुन्या बंदराचं. इथे अरुंद गल्ल्यांत दोन-अडीच शतकं जुनी लाकडी घरं दाटीवाटीने उभी आहेत. दाराशेजारी पांढरी पाटी असते, तिच्यावर घर बांधून घेणाऱ्याचं नाव आणि त्याचा धंदा. दाराचा रंग बदलायचा तरी गावाच्या समितीची परवानगी लागते. डॉक्टरांच्या पाटीवर लाकडी पिंपं करणाऱ्या कुणाचं तरी नाव होतं. त्या माणसाशी त्यांचं जुनं भांडण होतं. वाऱ्याने दार वाजलं की त्या पाटीच्या दिशेने बघून म्हणायच्या, "मेल्या, पिंपं एवढी घट्ट करायचास, दारं कुणी करायची?"

मी पहिल्याच आठवड्यात त्यांना मावशी म्हटलं. अमेरिकेतल्या मराठी घरांत वयाने मोठी बाई आपोआप मावशी किंवा काकू होते.

"मी तुझ्या आईची बहीण आहे का?"

"नाही, म्हणजे..."

"मग डॉक्टर म्हण. त्यासाठी मी अभ्यास केलाय. मावशी व्हायला काही करावं लागत नाही."

मिलिंदला मात्र त्या मिलिंदराव म्हणायच्या, आणि त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे त्यालाही कधी कळलं नाही.

आमची गोष्ट थोडक्यात सांगते. व्हिसावर आलो, शिकागोजवळ शॉमबर्गला राहिलो, मग डब्लिनला, ओहायोतल्या. ग्रीनकार्डाच्या रांगेत इतकी वर्षं गेली की घर घ्यायचं धाडस झालंच नाही. उद्या परत जावं लागलं तर? भिंतीला खिळा ठोकतानासुद्धा मी घरमालकाचा विचार करायचे. ग्रीनकार्ड आलं, मिलिंदला बॉस्टनजवळ नोकरी लागली, आणि मी ठरवलं की आता घ्यायचं ते आपलं घर. सई कॉलेजला जाण्याआधी तिला एक घर असं मिळावं, की सुट्टीत "घरी आले" म्हणताना तिला पत्ता आठवावा लागू नये. हाताशी जी पुंजी होती ती एकाच घराला पुरणार होती. चुकलं तर दुसरी संधी नव्हती. म्हणून आधी भाड्याने राहू, गाव समजून घेऊ, मग घेऊ, अशी माझी योजना होती. त्या योजनेत डॉक्टर नव्हत्या.

त्यांच्याकडे स्टेथोस्कोप होता आणि तो रोज वापरात होता. सकाळी त्या घरभर फिरून भिंती तपासायच्या. कानात नळ्या घालून तुळईला चकती लावायच्या आणि आपल्याला गप्प राहायला हाताने खुणवायच्या. लाकडात मुंग्यांनी घर केलं असेल तर कुरकुर ऐकू येते, आणि ती खरंच येते, मी ऐकली आहे. नळ गळत असेल तर भिंतीआड बारीक शीळ ऐकू येते. एकदा टपाल द्यायला आलेला माणूस दारात उभा राहून हे बघत होता. डॉक्टरांनी कानातून नळ्या न काढता त्याला सांगितलं, "स्टेबल आहे." तो मान डोलावून गेला.

दुसरं म्हणजे उलटे आकडे. कुणी चिडलं, घाबरलं किंवा फार बोलायला लागलं की डॉक्टर शांतपणे म्हणायच्या, "शंभरपासून उलटं मोज." मिलिंदला एकदा चुकीच्या बाजूला गाडी लावल्याचा दंड झाला. तो तणतणत वर आला. "मिलिंदराव, मोजा. मराठीत." तो नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव करत ऐंशीच्या घरात आला आणि अडखळला. "एकोणऐंशीच्या आधी... नंतर... काय हो?" तोवर राग गेला होता. सईला मराठी आकडे कधी नीट येत नव्हते. आजही ती एक ते शंभर म्हणू शकत नाही. पण शंभर ते एक मात्र घडाघडा म्हणते.

तिसरी गोष्ट कॅलेंडरची. जिन्याखाली तळघराचं बंद दार होतं आणि त्या दारावर मराठी कॅलेंडर टांगलेलं असायचं. सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला त्यांची भाची राहते, ती दरवर्षी पाठवायची. सणवार डॉक्टर पाळत नव्हत्या, मला वाटलं गावाची आठवण म्हणून असेल. विचारलं तर म्हणाल्या, "समुद्रासाठी आहे."

त्या मूळच्या हर्णैच्या. वडील पोस्टमास्तर. टपालाची होडी भरतीलाच धक्क्याला लागायची, म्हणून घरात प्रत्येकाला तिथीवरून भरती काढता यायची. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ. "इथे आले तेव्हा सहज करून बघितलं," त्या म्हणाल्या. "बरोब्बर लागू पडलं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात तेव्हा एक तास वाढवायचा. तेव्हा मला वाटलं, चला, राहता येईल इथे."

मी प्रोजेक्ट मॅनेजर. फोनवर भरतीचं ॲप असताना पाऊणकीचं गणित कशाला करायचं, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "ॲप तुला वेळ सांगतं. तिथी तुला समुद्राची तब्येत सांगते."

मग पिवळं घर विकायला निघालं.

ते धक्क्यापासून दुसऱ्या गल्लीत होतं. पाटीवर शिडं शिवणाऱ्याचं नाव. मोठ्या खिडक्या, कारण शिवायला उजेड हवा. माणूस उभा राहील एवढी शेकोटी. वरच्या खोलीतून बंदर दिसायचं. मराठी मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम त्या रविवारी दुपारी होता. उकडीचे मोदक, मसालेभात, अळूचं फदफदं, सगळं आग्रहाने झालं होतं. तिथून परत येताना त्या घरासमोर 'ओपन हाऊस', म्हणजे कुणीही आत येऊन बघा, अशी पाटी दिसली आणि मी पैठणीत, मिलिंद झब्ब्यात, आम्ही तसेच आत शिरलो. दुपारचं ऊन जमिनीवर सांडलं होतं. लिंडा नावाची एजंट होती, तिने माझ्या साडीचं कौतुक केलं. मी खिडकीत उभी राहिले आणि मला तिथे सई अभ्यास करताना दिसली. माझी यादी पर्समध्येच राहिली.

तेव्हा बाजार असा होता की आधी तज्ज्ञाकडून तपासणी करू म्हणणाऱ्याला घर मिळत नव्हतं. लोक बघायचे आणि तिथेच होय म्हणायचे. आम्हीही म्हटलं. मालक परदेशात होते, त्यामुळे पक्क्या कराराच्या सह्यांना काही आठवडे अवकाश होता. ऑफर मान्य झाल्याचा लिंडाचा फोन आला, त्या दिवशी मी पेढे घेऊन खाली गेले.

डॉक्टरांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"कधी बघितलंत?"

"मागच्या रविवारी. दुपारी."

त्या उठून कॅलेंडरपाशी गेल्या. "दशमी. जेवून गेला होतात?"

"मंडळाच्या गणपतीला होतो ना."

"म्हणजे मोदक."

"हो."

"किती ते विचारत नाही." पेढा त्यांनी वाटीखाली झाकून ठेवला. "दशमीला दुपारी इथे ओहोटी असते. आणि भांगाची असते, समुद्र आजारी माणसासारखा पडून असतो. त्या गल्लीतलं घर दशमीला बघायचं म्हणजे पेशंट झोपलेला असताना 'दुखतंय का?' विचारायचं."

मला राग आला. खरं सांगायचं तर फार राग आला. पंधरा-वीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांत राहिल्यावर एक घर मिळत होतं आणि ही बाई तिथी सांगत होती. मी म्हटलं, "डॉक्टर, घरात कुठेही ओल नव्हती. मी बघितलं."

"तळघरात गेलीस?"

"डोकावले. कोरडं होतं."

"पायात काय होतं?"

"काय म्हणजे? सँडल."

"बरं. पडद्यांची मापं घ्यायला जाशीलच ना? कोजागिरीला जा. दुपारी बाराच्या सुमाराला. मी येते. आणि जेवून येऊ नकोस."

मिलिंद रात्री म्हणाला, "नको नेऊ यार त्यांना. त्या स्टेथोस्कोप काढतील, लिंडासमोर शोभा होईल." पण मापं तर घ्यायची होतीच. माझ्या यादीत होती. करारावर सही कोजागिरीनंतर दोन दिवसांनी होती. मी लिंडाला दुपारची वेळ विचारली. ती म्हणाली, सकाळी लवकर या ना, उजेड छान असतो. मी म्हटलं, दुपारीच जमेल.

त्या दिवशी हवा स्वच्छ होती. पावसाचा थेंब नाही, वारा नाही. आम्ही गल्लीत शिरलो तर कोपऱ्यावरच्या गटाराच्या जाळीतून पाणी वर येत होतं. उकळल्यासारखं नाही, नुसतं हळूहळू वर येत रस्त्यावर पसरत होतं. डॉक्टर त्याला वळसा घालून पुढे गेल्या. सई माझ्याकडे बघून म्हणाली, "ममा, इट्स सनी. वेअर इज इट कमिंग फ्रॉम?"

लिंडा दारात होती. डॉक्टरांनी तिला नमस्कार केला, उंबऱ्याशी बूट काढले, मोजेही काढले आणि सरळ तळघराच्या जिन्याकडे वळल्या. लिंडा म्हणाली, पडदे वरच्या खोल्यांत लागतील. डॉक्टर म्हणाल्या, "मी खालपासून सुरू करते."

जिन्यावरून उतरताना त्या मध्येच थांबल्या आणि मला हाताने जवळ बोलावलं. दिवा लावला. खाली दगडी पाया होता, विटांची जमीन. विटांच्या सांध्यांतून पाणी येत होतं. आवाज अजिबात नव्हता. कोपऱ्यात आधी एक काळा डाग होता, बघता बघता त्याला चमक आली आणि तो आपल्याकडे सरकायला लागला.

मी दाराशी उभ्या लिंडाकडे वळून बघितलं. ती जराही गडबडली नाही. "ते होय? आज पौर्णिमा आहे ना, म्हणून."

"पौर्णिमा दर महिन्याला येते," डॉक्टर इंग्रजीत म्हणाल्या. मग मराठीत माझ्याकडे वळून, "आणि अमावास्याही. आता तो बॉयलर बघ."

बॉयलर मी पहिल्या भेटीतही बघितला होता. नवा कोरा, सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवलेला. मला तेव्हा वाटलं होतं, किती व्यवस्थित लोक आहेत.

"त्याला पाटावर का बसवलाय?" डॉक्टर म्हणाल्या. "जेवायला?"

मिलिंद हसला. मग त्याचं हसू गेलं. भिंतीच्या दगडांवर चौथऱ्याच्या उंचीला मिठाची एक पांढरी रेघ होती, सरळ, तळघराच्या चारी बाजूंनी गेलेली. दशमीला मी ती बघितली होती आणि मला ती चुन्याची वाटली होती.

डॉक्टर शेवटच्या पायरीवर बसल्या. पाण्यात अनवाणी पाय सोडले. त्यांचे पाय म्हातारे, निळ्या शिरांचे. "थंड आहे," एवढंच म्हणाल्या. वरची ती खिडकी, ती शेकोटी, सगळं डोळ्यांसमोरून जात होतं. माझा चेहरा त्यांनी वर न बघता ओळखला असावा.

"शंभरपासून उलटं मोज," त्या म्हणाल्या.

मी मोजलं. तिथेच, पायरीवर उभी राहून. सई माझ्याबरोबर मोजत होती. सत्तरच्या आसपास मला कळलं की आपण हे घर घेत नाही. पन्नासपर्यंत आल्यावर लक्षात आलं की मी मघापासून श्वास रोखून होते, आणि आता सोडते आहे.

सही झाली नाही. ते पिवळं घर दुसऱ्या कुणी घेतलं, त्यांना सगळं सांगूनच दिलं असावं. आजही त्या गल्लीतून जाताना उधाणाच्या दिवशी पंपाचा आवाज ऐकू येतो. मिलिंद दर वेळी खिडकीची काच खाली करतो आणि म्हणतो, "ऐक, आपला पंप."

त्याच दिवशी घरी आल्यावर डॉक्टरांनी कॅलेंडर टांगलेलं ते दार उघडलं. तोवर आम्हाला तळघरात जायला बंदी होती. आत बघितलं आणि मिलिंद म्हणाला, "अहो डॉक्टर!"

पाणी होतं. पिवळ्या घरापेक्षा कमी, पण होतं. दुसऱ्या पायरीवर रबरी बूट ठेवलेले. कपडे धुवायचं यंत्र चौथऱ्यावर. बाकी सगळं सामान छताच्या आकड्यांना टांगलेलं, बॅगा, खुर्च्या, रंगाचे डबे, वॉर्डातल्या सलाईनच्या बाटल्यांसारखे. पाण्यावर त्या सगळ्याची सावली हलत होती.

"आम्ही एका लग्नातून जेवून आलो होतो," त्या म्हणाल्या. "ह्यांनी तीनदा श्रीखंड घेतलं होतं. दारात उभे राहिले आणि म्हणाले, हेच. मी हर्णैची, मला कळायला हवं होतं. पण मीही दोनदा घेतलं होतं."

"मग विकलं का नाहीत इतक्या वर्षांत?"

"विकायचं म्हणजे कुणाला तरी ओहोटीला दाखवायचं. भरतीला दाखवलं तर घेणार कोण?"

आम्हाला पुढच्या उन्हाळ्यात घर मिळालं. टेकडीवर, सुपरमार्केटच्या मागे. पाटी नाही, इतिहास नाही. सत्तरच्या दशकातलं साधं घर, बाहेरून फिकट राखाडी. समुद्र दिसतो तो माळ्याच्या खिडकीतून, तोही झाडांची पानं गळल्यावर, आणि बोटाएवढा. मी ते उपाशीपोटी बघितलं. पावसात बघितलं. अमावास्येला बघितलं. यादीतल्या प्रत्येक ओळीवर खूण केली. तरी सही करायच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरांना घेऊन गेले. माझ्या यादीत शेवटची ओळ तीच होती.

त्यांनी अख्खी सकाळ घेतली. अनवाणी तळघरात फिरल्या. भिंतींना स्टेथोस्कोप लावला. बॉयलर जमिनीवरच आहे हे दोनदा बघितलं. वरच्या मजल्यावर गेल्या त्या बराच वेळ तिथेच फिरत राहिल्या. मी जिन्याखाली उभी. हे नाही म्हणाल्या तर आता माझ्यात आणखी एक घर शोधायचा जोर नव्हता. मिलिंद नुसता नखं खात होता.

त्या खाली आल्या. रिकाम्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, इकडेतिकडे बघितलं.

"घर दिसायला अगदीच हे आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"फरशीचा रंग भयंकर आहे."

"हो, डॉक्टर."

"जेवायला काय आणलंयस?"

काहीच आणलं नव्हतं. आणण्याची माझी हिंमतच झाली नव्हती. मिलिंद धावत सुपरमार्केटमध्ये गेला आणि ब्रेड, काकडी, टोमॅटो घेऊन आला. चाकू नव्हता म्हणून काकडी हाताने मोडली. घरमालकाच्या परवानगीने आम्ही चौघं त्या भयंकर फरशीवर मांडी घालून बसलो. डॉक्टरांनी आणखी एक सँडविच मागून घेतलं. तेवढ्यावर मी सही केली असती.

त्यांचं घर विकायचं काम मात्र मी मनावर घेतलं. त्यांना आता जिने होत नव्हते, भाची बॉथेलला बोलावत होती, आणि त्या म्हणत होत्या की नाही, फसवून विकणार नाही. मी म्हटलं, "मग फसवायचं नाही. भरतीला दाखवू."

"कोण येणार?"

"कुणी नाही आलं तर नाही आलं. दाखवून तर बघू."

जाहिरात मी लिहिली. घराचं वय, खोल्या, आणि खाली स्पष्ट: पौर्णिमेला भरतीच्या वेळी तळघर बघता येईल, बूट घालून या. विक्रीचं काम आम्ही लिंडालाच दिलं होतं. तिने मजकूर वाचला आणि पुन्हा एकदा वरपासून वाचला. दारात मी वेगवेगळ्या मापांचे रबरी बूट ओळीने मांडले. डॉक्टर कॅलेंडर घेऊन खुर्चीत बसल्या.

बरेच लोक आले आणि जिन्यावरूनच परत गेले. शेवटी एक जोडपं आलं, जुन्या लाकडी बोटी दुरुस्त करणारं. दोघांच्या कपड्यांना डांबराचा वास. स्वतःचेच बूट घालून आलेले. बाई खाली उतरली, पाण्यात बोट बुडवलं आणि चक्क चाटलं.

"खारं आहे," ती वर येऊन नवऱ्याला म्हणाली. "बरं झालं. गोडं असतं तर लाकूड कुजलं असतं." मग डॉक्टरांना विचारलं, "एवढंच चढतं का? मला वाटलं होतं जास्त असेल."

डॉक्टर खुर्चीतून उठल्या. "तुम्ही जेवून आलात का?"

"नाही हो. कामावरून सरळ इकडेच. भूक लागलीय."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी एकदाच बघितलं, तेव्हाच. "तवा ठेव," त्या म्हणाल्या.

त्या दोघांनी थालीपिठं खाल्ली. दही संपलं. घर त्यांनीच घेतलं. पाटीवरच्या पिंपवाल्याला डॉक्टरांनी जाताना बजावलं, "नवी माणसं कामाची आहेत. त्यांच्याकडून दारं शिकून घे."

डॉक्टर आता बॉथेलला भाचीकडे असतात. तिथूनही खाडीचं पाणी फार लांब नाही, पण त्यांचं तिथल्या समुद्राशी पटत नाही. फोनवर तक्रार करतात, "इथे तिथी लागू पडत नाही गं. एक भरती मोठी, एक छोटी, मनाला येईल तेव्हा. यांना काही शिस्तच नाही." तरी कॅलेंडर त्यांनी लावलं आहे. आता भाचीच्या घराला स्टेथोस्कोप लावतात. ते घर नवं आहे, त्यामुळे ऐकायला फारसं काही नसतं, असं भाची म्हणते.

कोजागिरीला रात्रीचं मसाला दूध आम्ही मंडळातच पितो. पण त्या दिवशी सकाळी मी काही खात नाही. बाराच्या सुमाराला चप्पल काढून तळघरात जाते. मिलिंद दर वर्षी म्हणतो, "टेकडीवर पाणी आलं तर आधी अख्खं बॉस्टन गेलेलं असेल. जेव ना." ते मला कळतं. तरी मी चारी कोपऱ्यांत अनवाणी फिरून येते, बॉयलरच्या खालीही हात लावून बघते, आणि तिथूनच फोन लावते. बॉथेलला तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. पहिल्याच रिंगला फोन उचलला जातो.

"कोरडं आहे, डॉक्टर."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज येतो.

"मग जेव आता," त्या म्हणतात. "मीही खाते."